बालाघाटातील जंगलऱ्हास आणि ग्रामीण कुटुंबांची उपजीविका : बीड जिल्ह्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांमध्ये बीडचा समावेश होतो. जिल्ह्याचे भौगोलिक क्षेत्र सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर असून वनाखालील क्षेत्र त्याच्या दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाचा एकतृतीयांश भूभाग वनाखाली असावा असे उद्दिष्ट ठेवले होते आणि १९८८ च्या वननीतीने त्याचा पुनरुच्चार केला. या उद्दिष्टाच्या तुलनेत बीडचे चित्र अत्यंत विदारक दिसते. या स्थितीचे कारण विचारले असता एक उत्तर हमखास मिळते. ते म्हणजे, लोकसंख्या वाढली, गरिबी वाढली आणि गरिबांच्या कुऱ्हाडीने डोंगर बोडके केले.

हे उत्तर सोपे असले तरी इतिहासाच्या कसोटीवर अपुरे ठरते. केनियातील मचाकोस या कोरडवाहू जिल्ह्याच्या अभ्यासात टिफेन, मॉर्टिमोर आणि गिचुकी यांनी १९९४ मध्ये असे दाखवून दिले की, सुमारे साठ वर्षांत लोकसंख्या पाचपटीहून अधिक वाढूनही तेथील धूप कमी झाली आणि झाडांची संख्या वाढली. बीड जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये ४ लाख ९२ हजारांच्या आसपास होती, तर २०११ मध्ये ती २५ लाख ८५ हजारांवर गेली. जिल्ह्याच्या हद्दी मधल्या काळात बदलल्या हे लक्षात घेतले तरी ही वाढ साधारणतः पाचपटीचीच आहे. लोकसंख्यावाढ सारखी असूनही परिणाम भिन्न का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर माणसांच्या संख्येत नसून ती माणसे कशावर जगत होती, झाड राखण्यात त्यांचा लाभ काय होता आणि झाडावर हक्क कोणाचा होता, या तीन गोष्टींत शोधावे लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) बीड जिल्ह्यातील वनऱ्हासाचे ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे. २) शेती, पशुपालन, मोळीविक्री, रोजगार हमी आणि ऊसतोडणी या उपजीविकांचा डोंगरावरील झाडोऱ्याशी असलेला संबंध तपासणे. ३) वनीकरणाच्या प्रयत्नांना मिळालेल्या मर्यादित यशाची कारणमीमांसा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून गॅझेटियर, जनगणना, कायदे, शासननिर्णय आणि प्रकाशित अभ्यास या दुय्यम साधनांचा आधार घेण्यात आला आहे. ‘जंगल’ या शब्दात येथे केवळ वनखात्याच्या ताब्यातील जमीन अभिप्रेत नाही. कोरडवाहू प्रदेशातील कुटुंबाच्या दृष्टीने राखीव वन, गायरान, नाल्याकाठची झुडपे आणि बांधावरचे झाड या एकाच साखळीतील कड्या असतात. एक कडी तुटली की भार दुसरीवर येतो.

भूप्रदेश आणि वनस्पतिजीवन

बालाघाटाची रांग जिल्ह्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिच्या उत्तरेस गोदावरीकाठचा काळ्या जमिनीचा सखल प्रदेश आहे. गेवराई आणि माजलगाव हे तालुके त्यात येतात. जुन्या महसुली भाषेत यास पायनघाट म्हणत. वरच्या पठारी भागात पाटोदा, धारूर, केज, अंबाजोगाई यांसारख्या तालुक्यांचा मोठा प्रदेश मोडतो. पाटोदा तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. सिंदफणा आणि बिंदुसरा या नद्याही याच डोंगररांगेतून निघून उत्तरेकडे वाहतात. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ६६६ मिलिमीटर असले तरी पश्चिमेकडील आष्टी, पाटोदा हा भाग अवर्षणप्रवण आहे. उतारावरील जमीन मुरमाड व बरड आहे.

अशा भूमीत निसर्गतः शुष्क पानझडी आणि काटेरी वने वाढतात. धावडा, सालई, खैर, पळस, हिवर, बोर, बाभूळ, कडुनिंब आणि तरवड हा येथील ओळखीचा झाडोरा होय. या वनातून किमती इमारती लाकूड फारसे मिळत नाही. मात्र घरगुती अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे होते. बाभळीच्या लाकडापासून नांगर, कुळव, तिफण आणि बैलगाडीचे भाग बनत. बाभळीची साल व तरवड कातडी कमावण्यासाठी लागे. हिवर-बाभळीच्या शेंगांवर शेळ्या-मेंढ्या पोसल्या जात. कडुनिंबाचा पाला औषधाला आणि सावली जनावरांना मिळे. सुतार, चर्मकार, धनगर, शेतकरी अशा प्रत्येकाचे या झाडोऱ्याशी स्वतंत्र नाते होते. या विविध नात्यांमुळेच झाड तोडण्याला आणि राखण्याला गावात एक अलिखित शिस्त होती.

निजाम राजवट : झाड सरकारचे

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिलाबंदी करून महसुली प्रशासनाची घडी बसविली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानात वनखाते उभे राहिले आणि वनांची राखीव, संरक्षित व खुली अशी वर्गवारी झाली. संस्थानाचा वनमहसूल प्रामुख्याने तेलंगणातील सागवानी जंगलांतून येत असल्याने खात्याचे लक्षही तिकडेच केंद्रित झाले. मराठवाड्यातील काटेरी, झुडपी जंगल महसुलाच्या दृष्टीने नगण्य होते. परिणामी या वनावरील गावाचा पूर्वापार अधिकार कमी झाला, मात्र त्याची जागा घेणारे सक्षम व्यवस्थापन निर्माण झाले नाही.

याच काळात दुष्काळांनी ग्रामजीवन खिळखिळे केले. १८९९-१९०० च्या दुष्काळात मराठवाड्याची मोठी हानी झाली. १८९१ ते १९०१ या दशकात बीड जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी लक्षणीय प्रमाणात घटली. जनावरे मेली, माणसे परागंदा झाली, पडीक जमीन वाढली. लोकसंख्या घटूनही डोंगर पुन्हा घनदाट झाल्याचे दिसत नाही. म्हणजेच माणसे कमी झाली की जंगल आपोआप वाढते, हा समज बीडच्या बाबतीत गेल्या शतकातच फोल ठरला होता.

झाड हे सरकारच्या मालकीचे, ही लोकभावना किती खोल रुजली होती हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातून दिसून येते. ब्रिटिश मुलखात १९३० साली जंगल सत्याग्रह झाले. त्यांपैकी पुसद येथील सत्याग्रह लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली झाला. हैदराबाद संस्थानात १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्यात करोडगिरी नाक्यांवरील हल्ले आणि लेव्हीला विरोध यांबरोबरच शिंदीची झाडे तोडणे हा एक कार्यक्रम होता. अंबाजोगाईशी स्वामीजींचा जवळचा संबंध होता, कारण तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयात त्यांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले होते. शिंदीपासून मिळणारा अबकारी कर हा निजामाच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा स्रोत असल्याने झाडावर पडणारा घाव हा राजवटीवरील घाव मानला गेला. या कृतीमागील देशभक्तीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी बाब वेगळी आहे. गावच्या नाल्याकाठचे झाड गावाला आपले न वाटता सरकारी खजिन्याचे साधन वाटत होते. संस्थानाने १३५५ फसलीत, म्हणजे १९४५-४६ च्या सुमारास, नवा वनकायदा केला. पुढे दोन-तीन वर्षांतच राजवट संपली, परंतु ‘झाड सरकारचे’ ही भावना राजवटीबरोबर संपली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : जमिनीचा प्रश्न आणि गायरान

१९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळकायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. कुळांना हक्क मिळाले, परंतु भूमिहीनांचा प्रश्न कायम राहिला. त्याच काळात ‘अधिक धान्य पिकवा’ या धोरणामुळे पडीक जमीन लागवडीखाली आणणे हे राष्ट्रीय कर्तव्य मानले गेले. डोंगरउताराची बरड जमीन नांगराखाली आली ती या धोरणाच्या छायेत. तिथे पिकणाऱ्या बाजरी-हुलग्याचे उत्पादन चार-दोन वर्षांत घटे आणि मातीची धूप मात्र कायमची होई.

गायरानाचा प्रश्न येथे अपरिहार्यपणे येतो. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. दलित भूमिहीनांनी गायराने कसून पोट भरण्यास सुरुवात केली. राज्य शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची पात्र भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा प्रश्न लावून धरला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले आणि राज्य शासनाने १२ जुलै २०११ रोजी त्यानुसार निर्णय काढला.

गायरान कसणाऱ्या भूमिहीनास जंगलऱ्हासाचा दोषी ठरविण्याची प्रवृत्ती अनेकदा दिसते. ही प्रवृत्ती तपासून पाहणे आवश्यक आहे. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सात राज्यांतील कोरडवाहू गावांच्या अभ्यासात दोन गोष्टी निदर्शनास आणल्या. पहिली म्हणजे, १९५० च्या सुमारापासून तीन दशकांत सामायिक जमिनीचे क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटले. दुसरी म्हणजे, गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग अशा सामायिक साधनांतून येत होता. खासगी झालेल्या सामायिक जमिनीचा मोठा हिस्सा गरीब नसलेल्यांकडे गेला, हेही त्यांनी नोंदविले. म्हणजे सामायिक जमीन आटल्याचा फटका ज्यांना सर्वाधिक बसला, त्यांच्याच नावे तिच्या नाशाचे खापर फोडले गेले. भूमिहीनास मिळालेले दोन-चार एकर गायरान हे सामाजिक न्यायाचे पाऊल होते. उणीव ही की, त्या बदल्यात गावाच्या चराईची आणि सरपणाची पर्यायी सोय कोणीही केली नाही. उरलेल्या डोंगरावर दुप्पट भार आला तो या उणिवेमुळे.

बहात्तरचा दुष्काळ : ठेव मोडली

१९७० ते १९७३ या काळातील सलग अवर्षणाला मराठवाड्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणूनच ओळखतात. मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे यांच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते.

दुष्काळ आणि वृक्षतोड यांचा संबंध समजून घेण्यासाठी रॉबर्ट चेंबर्स आणि मेलिसा लीच यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार उपयुक्त ठरतो. त्यांच्या मते ग्रामीण गरिबांच्या दृष्टीने झाड ही बचत आणि अडीअडचणीची तरतूद असते. बीडच्या शेतकरी कुटुंबात हीच रीत होती. बांधावरचा कडुनिंब, बाभूळ किंवा आंबा म्हणजे घरची ठेव होती. लग्न, आजारपण किंवा नापिकी आली की वखारवाल्याला झाड दाखविले जाई. परंतु ठेव ही एकट्या-दुकट्या कुटुंबाने मोडली तर ती पुन्हा भरता येते. दुष्काळात साऱ्या गावाने एकाच वेळी मोडली की झाडाचा भाव कोसळतो आणि त्याच पैशासाठी अधिक झाडे द्यावी लागतात. प्रथम फांद्या तोडून पाला जनावरांपुढे टाकला जातो, मग जनावर विकले जाते, अखेरीस झाड विकले जाते. ज्याच्या बांधावर झाड नाही तो डोंगराकडे वळतो आणि आठवडी बाजारात मोळी विकतो. मोळी विकणे हा अशा कुटुंबाचा व्यवसाय नसून सर्व व्यवसाय संपल्यावर उरलेला मार्ग असतो.

या दुष्काळातूनच रोजगार हमी योजनेला व्यापक स्वरूप आले. वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून ती कायद्यान्वये अमलात आली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. हातात मजुरी असेल तर मोळी विकण्याची निकड कमी होते, हे लक्षात घेता ही योजना अप्रत्यक्षपणे वनसंरक्षणाचीही योजना होती असे म्हणता येईल. पुढील दुष्काळांत जनावरांच्या चारा छावण्यांनीही असेच कार्य केले. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये बीड जिल्ह्यात अशा छावण्या मोठ्या संख्येने उघडल्या गेल्या. जनावर छावणीत असले की झाडाच्या फांदीवर कुऱ्हाड पडत नाही.

ऊसतोडणी : अर्धे वर्ष रिकामे गाव

पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी वाढू लागली आणि बालाघाटाच्या पट्ट्यातून ऊसतोड मजुरांचे हंगामी स्थलांतर सुरू झाले. बहात्तरनंतर त्याला वेग आला. आज बीड हा राज्यातील ऊसतोड मजुरांचा प्रमुख जिल्हा आहे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या डोंगरपट्ट्यातील तालुक्यांतून लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता अर्धे वर्ष राबतो. ज्या तालुक्यांत डोंगर उजाड झाला त्याच तालुक्यांतून स्थलांतर अधिक व्हावे, हा योगायोग नव्हे. उताराची जमीन कसून पोट भरत नाही, डोंगरातून पूरक उत्पन्न मिळत नाही, म्हणून कोयता हाती येतो.

या स्थलांतराचा वनावरील परिणाम दुहेरी आहे. एकीकडे डोंगरावरचा भार हलका झाला. बैलगाडीने जाणाऱ्या मजुरांचे बैल सहा महिने उसाच्या वाढ्यावर पोसले जातात. कोपीवरची चूल पाचट आणि चिपाडांवर पेटते. जी माणसे आणि जनावरे एरवी हिवाळा-उन्हाळा गावच्या डोंगरावर काढली असती, ती बाहेर राहतात. उसाच्या फडाने बालाघाटाचा काही भार उचलला, असे त्यामुळे म्हणावे लागते.

दुसरीकडे, राखणदार निघून गेला. दिवाळीनंतर गावात वृद्ध, लहान मुले आणि शेळ्या एवढेच उरतात. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, गवत राखणे, वणवा विझविणे यासाठी कर्ती माणसे आणि ग्रामसभा लागते. गवत वाळून वणव्याचा धोका असतो तो फेब्रुवारीपासून, आणि नेमक्या त्याच वेळी गाव रिकामे असते. या काळात वखारवाल्याचा किंवा कोळसा भट्टीवाल्याचा माणूस झाडे तोडून नेतो तेव्हा त्याला अडविणारे कोणी नसते. शिवाय उचलीच्या चक्रात अडकलेल्या कुटुंबाला दहा वर्षांनी लाभ देणारे झाड लावणे परवडत नाही. त्याचे आर्थिक वर्ष दिवाळीला सुरू होते आणि पाडव्याला संपते.

शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दोन गावांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर आणि हिवरे बाजारात १९८९ नंतर कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यशस्वी झाली. तेथे बंदीपाठोपाठ पाणलोटाची कामे झाली, चारा वाढला, दुभती जनावरे आली आणि बाहेर गेलेली माणसे परतली. बंदी टिकली ती माणसे गावात टिकल्यामुळे. बीडच्या डोंगरपट्ट्यात केवळ बंदीचा फलक लावून हे साधणारे नव्हते.

पीकपद्धती, अवजारे आणि सरपण

जंगलावरील भार हा शेतातील पिकावरही अवलंबून असतो, ही बाब वनविषयक चर्चेत सहसा येत नाही. ज्वारीचे पीक माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा देते. कपाशी पऱ्हाट्या देते, तूर तुरकाट्या देते. कपाशीचे क्षेत्र असलेल्या गावात वर्षातील कित्येक महिने चुलीला पऱ्हाट्या पुरतात आणि तेवढ्या काळापुरते झाड वाचते. गेल्या तीन दशकांत अंबाजोगाई, केज, परळी या भागांत सोयाबीनचा विस्तार झाला. सोयाबीनने रोख पैसा दिला, परंतु कडब्यासारखा चारा किंवा पऱ्हाटीसारखे सरपण दिले नाही. शेतातील ही तूट बांधावरून आणि डोंगरावरून भरून निघते.

अवजारांतील बदलाचाही असाच परिणाम झाला. नांगर-तिफण लाकडाची होती तोपर्यंत सरळसोट बाभूळ राखून ठेवण्यात शेतकऱ्याचा आणि सुताराचाही स्वार्थ होता. लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टर आल्यावर बाभळीचा तो उपयोग संपला आणि ती आडजात लाकूड म्हणून वीटभट्टीच्या भावाने विकली जाऊ लागली. बांधावरचे झाड ट्रॅक्टरला वळायला अडचणीचे आणि पिकाला सावली करणारे ठरले. त्याच सुमारास विदेशी ‘वेडी बाभूळ’ नदीपात्रात व पडिकावर पसरली. तिने सरपणाची गरज काही अंशी भागविली, मात्र गवताची कुरणे व्यापली.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅस खेड्यापर्यंत पोहोचला. तथापि पुन्हा टाकी भरण्याचा खर्च हंगामी मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास जड जातो. चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी व भाकरी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत रूढ झाली आहे. सरपण गोळा करण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे असल्याने जंगल दूर गेल्याची किंमतही त्यांनीच अधिक पायपिटीच्या रूपाने मोजली आहे.

सीताफळ : टिकलेले झाड

बालाघाटात सर्वत्र ऱ्हासच झाला असे मात्र नाही. धारूर, अंबाजोगाई, बीड या परिसरातील खडकाळ उतारांवर सीताफळाची झाडी मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. वस्तुतः सीताफळ हे मूळचे अमेरिका खंडातील असून पोर्तुगीज काळात भारतात आले असे मानले जाते. ज्या उतारांवरून धावडा आणि खैर नाहीसे झाले तेथे हे परके झाड स्थिरावले. त्याची कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. शेळी त्याचा पाला खात नाही. तोडले तरी बुंध्यातून फुटवे येतात. लाकडाला भाव नाही, परंतु फळाला आहे. शिवाय फळाचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर असा आहे. म्हणजे ऊसतोडीला निघण्यापूर्वी, घरात पैशाची चणचण असताना ते पिकते. बायका-मुले डोंगरातून फळे आणून रस्त्याच्या कडेला व बाजारात विकतात. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

सीताफळाचे उदाहरण या निबंधाच्या मुख्य प्रतिपादनाला बळकटी देते. त्याच गावातील, त्याच गरीब कुटुंबांनी, त्याच दुष्काळांत एक झाड तोडले आणि दुसरे राखले. फरक गरिबीत नव्हता. जे झाड उभे राहून कुटुंबाला, त्याच्या गरजेच्या महिन्यात, उत्पन्न देते ते उभे राहते. जे आडवे झाल्यावरच पैसा देते ते आडवे होते.

वनीकरणाचे प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा

राज्यात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण खाते स्थापन झाले. १६ मार्च १९९२ च्या निर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापनाची सुरुवात झाली. १९९४ मध्ये पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे २९.८९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे मयूर अभयारण्य घोषित झाले. २०१७ ते २०१९ या काळात राज्यभर कोट्यवधी रोपे लावण्याची मोहीम झाली. बीडजवळील पालवण येथे सह्याद्री देवराईचा प्रकल्प उभा राहिला आणि १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी तेथे वृक्षसंमेलन भरले. या प्रयत्नांमुळे वृक्षांविषयी जिव्हाळा निर्माण झाला, हे मान्य केले पाहिजे.

तथापि रोप लावण्याचे आणि गाव सोडण्याचे वेळापत्रक एकमेकांस छेद देते. रोपे जून-जुलैत लागतात. ऑक्टोबरमध्ये माणसे जातात. रोपाला पाण्याची, कुंपणाची आणि राखणीची गरज असते ती फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे गाव रिकामे असताना. कागदावर लागलेल्या रोपांपैकी अनेक रोपे पहिला उन्हाळा पाहतात, दुसरा पाहत नाहीत, याचे एक प्रमुख कारण येथे आहे. लागवडीवर खर्च होतो, राखणीवर होत नाही.

निष्कर्ष

१) बीड जिल्ह्यातील वनऱ्हास हा केवळ लोकसंख्यावाढीचा परिणाम नाही. निजामकालीन मालकीव्यवस्था, पडीक जमीन लागवडीखाली आणण्याचे धोरण आणि वारंवारचे दुष्काळ यांनी त्याची पार्श्वभूमी तयार केली.

२) ग्रामीण कुटुंबाची कुऱ्हाड ही या साखळीतील शेवटची कडी आहे. पीक, जनावर आणि मजुरी हे मार्ग बंद झाल्यावर ती चालते.

३) ऊसतोडणीच्या स्थलांतराने डोंगरावरील चराई व सरपणाचा भार हलका केला, त्याचबरोबर डोंगर राखणारी माणसे गावातून नेली.

४) पीकपद्धती व अवजारे यांतील बदलांचा झाडोऱ्यावर थेट परिणाम होतो. म्हणून कृषिधोरण आणि वनधोरण यांचा स्वतंत्र विचार करणे योग्य नाही.

५) उभे राहून उत्पन्न देणारे झाड कोरडवाहू प्रदेशातही टिकते, हे सीताफळाने सिद्ध केले आहे.

समारोप

आज ऊसतोडणी यंत्रे फडात उतरू लागली आहेत. कोयत्याचे काम जसजसे कमी होईल तसतशी हजारो कुटुंबे हिवाळा-उन्हाळाही गावातच राहतील. त्यांच्या हाताला काम नसेल तर अर्ध्या वर्षापुरता हलका झालेला डोंगरावरचा भार पुन्हा पूर्ण वर्षाचा होईल, आणि आता तो उचलण्याइतके जंगल शिल्लक नाही. उलट, याच कुटुंबांना नोव्हेंबर ते मे या काळात डोंगर राखण्याची, गवत कापण्याची, रोपांना पाणी घालण्याची मजुरी आणि पुढे फळ-चाऱ्यावर हक्क मिळाला, तर शंभर वर्षांत प्रथमच माणूस आणि झाड या दोघांचे वेळापत्रक जुळेल. बालाघाटाचे भवितव्य किती रोपे लावली यापेक्षा ती राखण्यासाठी पाडव्यापूर्वी गावात कोण आहे, यावर अवलंबून राहील.